पिकलेला वास

येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसेला, शेतात जेवायला आलेल्या माणसाला "तिकडं जाऊ नका" म्हणायची सोय नसते. गांजा लावताना दगडोबाला हे आठवलं नाही, आता त्याला काय म्हणावं!

तुरीच्या मधोमध त्यानं ती झाडं दडवली होती. दसऱ्यापर्यंत त्यांना साध्या पाल्याचा वास यायचा. दिवाळीला फुलं धरली तसा लिंबाच्या सालीसारखा वास सुटला. दगडोबा तेव्हाच कापणार होता, पण माल नेणाऱ्यानं फूल चुरगळून हुंगलं अन् नाक मुरडलं. "कच्चा हाय. येळवशीपतोर पिकू द्या." आता फुलं चिकट झाली होती, अन् तो गोडसर, कुबट, जड वास तुरीत मावत नव्हता.

अन् पाहुणे कोण, तर त्याच्या लेकीचे, आरतीचे होणारे सासरे, मुखेडचे अण्णाराव! जेवणं झाली की साखरपुड्याची तारीख धरायची होती. चतुराबाईनं पूजेच्या कडब्याच्या कोपीपुढं ऊद जाळला, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीत लसूण जास्तीचा घातला. पण नाकाला कुठं कुलूप घालता येतं?

"उपटून टाका म्हणलं तर ऐकलं न्हाई," ती नवऱ्याला दबक्या आवाजात म्हणाली. "पोरीचं वाटोळं करायलाव तुम्ही."

"गप बस. तुरीत कोण जातंय?"

तेवढ्यात अण्णारावांनी आंबिलीचं मडकं उचललं. शेतात आंबील शिंपडायचा मान त्यांना हवा होता. लई खुशीत होते.

"बांधाबांधानं जावा, पाव्हणे!" दगडोबा ओरडला.

"बांधावर शिंपडून काय पिकतंय, हो?" असं म्हणत ते हसत तुरीत शिरले. "ओलगे! ओलगे!" शिंपडतानाची त्यांची आरोळी आत आत जात राहिली. मग मधेच थांबली.

परत आले तेव्हा मडकं अर्धं भरलेलंच होतं. चतुराबाईनं पान वाढलं. अण्णाराव हात धुवायला बाजूला गेले. आरती डोक्यावरचा पदर सावरत त्यांच्या हातावर पाणी घालू लागली. त्यांनी बोटं हुंगली, पुन्हा हात पुढं केले. तिनं राख दिली, साबण आणला. तांब्या संपला, तिनं दुसरा भरला.

अण्णारावांनी पुन्हा बोटं हुंगली अन् धोतराला हात पुसले.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ते तिच्याकडं न बघता म्हणाले. "ह्यो आता जात न्हाई."