डावीकडची काच

फ्यूजमामाने बटण ओढलं आणि डावीकडची काच निमूट वर आली. दाबलं, खाली गेली. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"बघा," तो म्हणाला, "हिला काय धाड भरलीय?"

"रस्त्यावर अडते. इथे आली की शहाण्यासारखी वागते," ती वैतागून म्हणाली.

मामा गाड्यांची वायरिंग बघायचा. बिघाड कुठलाही असो, आधी फ्यूज बदलायचा, म्हणून त्याला ते नाव पडलं होतं. या काचेपायी त्याने फ्यूज तर बदललाच, दोन्ही बटणं बदलली, मोटर उघडून पुसली, दारातली वायर नवी घातली. काच गॅरेजमध्ये मुकाट चालायची आणि तिने गाडी बाहेर काढली की मधूनच हटून बसायची. तेही रोज नाही. रोज अडली असती तर मामाने केव्हाच पकडली असती.

गाडी जुनी, तिच्या बाबांची. बाबा आत्ता गॅरेजच्या दाराशी मामाच्या खुर्चीत बसले होते. गाडी आली की मामा आधी हातातलं काम टाकायचा, बाबांना आधार देऊन खुर्चीत बसवायचा आणि मगच काचेला हात लावायचा. आजारी माणसाला गाडीत कशाला अवघडून ठेवायचं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या या चांगुलपणाचं तिला फार अप्रूप होतं.

अर्धांगाच्या झटक्याने बाबांची वाचा गेली होती आणि डावा हात. पाय कसेबसे सावरले, हात मात्र लाकडासारखा. ती त्यांना नेमाने व्यायामाला नेत होती. व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणायच्या, बोट उचला. बाबा भिंतीकडे बघत बसायचे. कुणी सांगितलं म्हणून त्यांनी आयुष्यात कधी काही केलं नव्हतं. आज बाईंनी सांगून टाकलं की हातात काही जीव दिसत नाही, आता आला नाहीत तरी चालेल.

भाऊ कधीपासून हेच म्हणत होता. व्यायाम बंद, तर गाडी तरी कशाला? त्याने गिऱ्हाईकही गाठून ठेवलं होतं. ते संध्याकाळी येणार होतं, तोवर काच नीट व्हायला हवी होती. तिला व्यायाम सोडवत नव्हता आणि गाडीही देववत नव्हती. पण भावाला सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

शेवटी मामाने तिला डावीकडे बसवलं, स्वतः चालकाच्या जागी बसला आणि तिकडचंही बटण चालवून बघायला सांगितलं. तिने दाबलं. काच अर्ध्यात थांबली.

"अडली," ती म्हणाली.

मामाला हसू आलं. "अहो ताई, मी वर ओढतोय, तुम्ही खाली दाबताय. तिने ऐकायचं कुणाचं? सोडा बघू."

तिने बोट काढलं. काच सुरळीत वर गेली.

तिलाही हसू आलं, पण लगेच विरलं. याच काचेवरून बापलेकीचं जन्मभर वाजलं होतं. बाबांना काच खाली हवी, वारा तोंडावर हवा. तिला धूळ सोसत नसे. एकाने काच उघडायची, दुसऱ्याने लावायची, आणि घरी येईपर्यंत दोघांची तोंडं फुगलेली. आता बाबा भांडत नव्हते, याचंच तिला वाईट वाटत होतं.

मामाने हात टेकले. गिऱ्हाईकाला खरं काय ते सांगून टाका, म्हणाला. दोघांनी मिळून बाबांना पुन्हा डावीकडच्या सीटवर बसवलं. तिने पट्टा लावला, त्यांचा डावा हात उचलून मांडीवर ठेवला, वरून रुमाल घातला. घरी पोचेपर्यंत रुमाल पायाशी पडलेला असायचा आणि हात दाराकडे घसरलेला. रस्त्याला खड्डेच तेवढे होते.

वळणापुढे एक मालट्रक धुरळा उडवत चालला होता. निघताना मामाने काच पुन्हा खाली करून तशीच ठेवली होती. तिने आपल्याकडचं बटण ओढलं. काच हलली नाही. पुन्हा ओढलं. नाहीच.

आता मात्र तिचं टाळकं सरकलं. गाडी कडेला घेऊन ती थांबली. उजव्या हाताने आपलं बटण तसंच ओढून धरत, पलीकडचं बटण चाचपायला ती बाबांवरून वाकली.

बाबा सरळ समोर बघत होते. रुमाल पायाशी पडला होता. मांडीवर हात नव्हता. पलीकडच्या बटणावर आधीच एक बोट होतं, थरथरणारं, आणि ते बटण खाली दाबून धरून बसलं होतं.