फेट्याची पट्टी

“मला ह्या घरातनं हलवंल असा माणूस अजून जन्माला यायचा हाय!” रत्नव्वानं स्टुलावर उभं राहून जाहीर केलं.

वास्तविक तो माणूस जन्माला येऊन चाळीस वर्षं होऊन गेली होती, आणि त्याला जन्माला घातलं होतं खुद्द रत्नव्वानंच. राजशेखर त्याचं नाव. पुण्यात असतो.

जाहीर केल्या केल्या छताचा एक पांढरा ढलपा सुटून तिच्या तोंडात पडला. तिनं तो थुंकला आणि स्वयंपाकाचं उलथनं पुन्हा छताच्या चिरेत घातलं.

“जन्माला आलाय त्याचं बघ आधी,” खाली स्टूल धरून बसलेली शेजारची धोंडुबाई म्हणाली. “आनि उतर आता. पाय लटपटाय लागल्यात तुजं.”

“पाय न्हाय, खाट हलतीया.” स्टूल खाटेवर होतं. “तुला धर म्हणून सांगितलंय, बोल म्हणून न्हाय.”

उचगावातल्या ह्या घराला वर पत्रा आहे. राजशेखरच्या लग्नात मुलीकडच्या पावण्यांना तो दिसू नये म्हणून त्यानंच खाली जिप्सम बोर्डाचं गुळगुळीत छत मारून घेतलं होतं. पावणे पानावर बसले, जेवून उठले. मान वर करून कुणी बघितलंसुद्धा नाही. पुढं पत्रा दिवसा ताणायला लागला, रात्री आकसायला लागला, आणि दोन बोर्डांच्या जोडावर लांबलचक चीर पडली. तिकडंही कुणी बघितलं नसतं. पण व्हिडिओ कॉल आला की रत्नव्वा फोन मांडीवर उताणा ठेवून बोलते. त्यामुळं राजशेखरला गेली काही वर्षं आईच्या जागी छतच दिसत आलं होतं. चीर केवढी होती, केवढी झाली, पंख्याजवळ कुठं वळली, सगळं त्याला तोंडपाठ.

गेल्या रविवारी त्यानं निकाल दिला. “आव्वा, छत अंगावर यायची वाट बघत बसायचं न्हाय. पुढच्या रविवारी फोन करतो. चीर दिसली की तुला न्यायला गाडी काढली. बॅग भरून ठेव.”

“आनि न्हाय दिसली तर?”

“न्हाय दिसली तर ऱ्हा तिथंच,” तो हसत म्हणाला होता.

रत्नव्वानं बॅग भरली नाही. चीर बुजवायला पुट्टी आणली. दुकानदार म्हणाला, जोडावर नुसती पुट्टी थापली तर पुन्हा उलतंय, आत जाळीची पट्टी चिकटवायला लागती. पट्टी हातात घेऊन, ताणून बघून, रत्नव्वानं ती परत त्याच्यापुढं ठेवली. “असलं कापड आमच्यात ट्रंकभर हाय.”

होतंच. तिचे मालक चन्नाप्पा हयात असताना गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाला त्यांना बोलावणं असायचं. व्यासपीठावर एखादी खुर्ची रिकामी राहिली की चन्नाप्पांचा सत्कार ठरलेला. कशाबद्दल, ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही नाही. फेटा बांधून जायचे नाहीत, बांधून यायचे मात्र. असे फेटे साठून ट्रंक भरली, आणि मग चन्नाप्पा गेले. त्यातलाच एक केशरी फेटा रत्नव्वानं आज, रविवारी सकाळी, उभा फाडला होता.

“मालकाचा मान फाडलास की गं,” धोंडुबाई हळहळली.

“त्यांनी जन्मभर डोक्यावर मिरवला. आता माज्या डोक्यावर ऱ्हाईल. दे वर.”

पुट्टीचा एक हात, त्यावर पट्टी, त्यावर पुन्हा पुट्टी. उलथन्यानं सगळं सपाट केलं. चीर गेली. दोघी माना वर करून बघत राहिल्या, आणि बघता बघता ओल्या पुट्टीतनं रंग फुटायला लागला. सत्काराच्या फेट्याचा रंग तो. एका भाषणापुरता पक्का. भिंतीपासून पंख्यापर्यंत झळझळीत केशरी रेघ उमटली.

“अगं बाई,” धोंडुबाई म्हणाली, “ही तर पुण्यासनं फोन न करताबी दिसंल.”

तेवढ्यात उशीवरचा फोन वाजला. रत्नव्वा गर्रकन वळली, स्टुलाचा पाय गादीत रुतला आणि तिचं कपाळ कपाटाच्या कोपऱ्यावर. हाडं शाबूत होती. पण खाटेवर बसल्या बसल्या कपाळावर टेंगूळ चढायला लागलं. आधी बोराएवढं, मग लिंबाएवढं.

“उचलू नगंस,” धोंडुबाई कुजबुजली. “हे बघितलं तर आत्ता निघंल त्यो.”

रत्नव्वानं फोन उचलला आणि आपलं तोंड वाटेतनं बाजूला घेऊन तो सरळ छतावर रोखला.

“बघ! दिसती का चीर?”

राजशेखर बराच वेळ बघत राहिला. “चीर न्हाय दिसत. पण ही केशरी रेघ कसली?”

“डिझाईन हाय.”

“डिझाईन?”

“पुण्यात असल्याला माणसं पैसं मोजत्यात. हितं तुज्या बाच्या फेट्यात झालं. आत पट्टी भरलीया, लेका. तुज्या कारागिरानं भरली नव्हती.”

“केलं कुणी पण?”

“म्या केलं. स्टुलावर चढलो, पट्टी भरली, खाली उतरलोबी.”

धोंडुबाईला खोकला आला.

“तूच म्हणालतास, न्हाय दिसली तर ऱ्हा. आता गाडी काढायची न्हाय, बॅगेचं नाव काढायचं न्हाय. ह्या छताखाली मी एकटी ऱ्हायला खंबीर हाय. बोल की आता, का वाचा बसली?”



“बरं आव्वा. हरलो. ऱ्हा तिथंच.”

रत्नव्वानं मोकळ्या हाताची मूठ वळून धोंडुबाईपुढं नाचवली.

“एकच काम कर फक्त,” राजशेखर म्हणाला.

“काय?”

“फोन जरा खाली घे की. तुजं तोंड दाखव.”