धुराच्या खुणा

"मावशी, वॉचमनचं डोकं फोडून दुकान लुटलंय. तिथल्या फुटक्या काचेवरच्या रक्ताशी दर्शनचा डीएनए जुळतो. त्यात तो स्वतः कबूल झालाय. अजून काय पाहिजे?" फौजदार वैतागले.

"माझ्या जुळ्या पोरांचा जुळणारच की. संदेशचापण जुळेल." कोलशेतला मासळी विकणारी भागीरथी जागची हलली नाही. "जुळ्यांतला फरक सांगणारी ती नवीन टेस्ट करा. कोर्टाची ऑर्डर मी आणते."

तिने ती आणली.

रिपोर्ट आला त्या दिवशी दर्शनसमोरच लॅबच्या रुचिता मॅडमनी सांगितलं, "जुळ्यांचा डीएनए सारखाच असतो. पण माणूस जसा जगतो, तशा खुणा त्या डीएनएवर उमटत जातात. काचेवरचं रक्त वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याचं आहे. दर्शनच्या रक्तात त्या खुणा नाहीत."

"मीपण ओढतो!" दर्शनने टेबलावरचं पाकीट ओढलं, सिगारेट पेटवली आणि पहिल्याच झुरक्याला डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला. "आई, कशाला गं हे सगळं? मी एकटा माणूस, राहीन आत. वहिनीला सातवा महिना लागलाय, तिच्याकडे तरी बघ."

भागीरथी त्याची पाठ चोळत राहिली.

फौजदार उठले. "गाडी काढा रे. संदेश पळायच्या आत उचलू."

"गाडी नको, साहेब. बाहेर रिक्षात बसलाय तो."

"स्वतःहून आला?"

"नाय." भागीरथीने दर्शनच्या हातातली सिगारेट काढून घेतली. "तुझ्या वहिनीनंच आणलाय, मनगट धरून."