शर्टातला वास

हर्षदच्या शर्टातून काढलेला वास बाटलीत भरून न्यायला शलाका प्रयोगशाळेत आली, तेव्हा तिथल्या कदमबाई वासाचा आलेख पुन्हा पुन्हा बघत होत्या.

“शर्ट धुतला होता का हो?”

“छे! हर्षद गेल्यापासून दोन वर्षं रोज मीच तो घालून झोपते, जुईला कुशीत घेऊन.”

“तिथंच चुकलं, ताई. तुमचा वास वजा करायला तुमच्या मानेवरचा नमुना घेतला होता ना? तो वजा केला आणि आलेख सपाट झाला. त्यांचं काही उरलेलंच नाही. शर्टात आहे तो सगळा तुमचाच वास.”

शलाकानं रिकामी बाटली पुढे सरकवली.

“तोच भरून द्या,” ती म्हणाली. “जुई त्यालाच बाबा म्हणते.”