दोन मिनिटांची शांतता

नातीचं, रश्मीचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे १९९४ साली, कारभारी गुरुजींनी राजूरच्या शाळेत सुरू केलेली प्रश्नमंजूषा राज्यस्तरीय झाली आणि नगरच्या मोठ्या सभागृहात गेली. गुरुजींना आमंत्रण नव्हतं. तरी आज स्टेजवरून त्यांचं नाव घेतील, या आशेनं त्यांची बायको आक्काबाई त्यांना घेऊन मागच्या रांगेत बसली.

नाव घेतलंही. चिटणीस माधवराव माईकवर गहिवरले, "स्पर्धेचे जनक कैलासवासी कारभारी गुरुजींना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

सगळे उठले. गुरुजीही उठले.

"अवो, तुमी हितं हाय की! सांगा त्येला!"

"गप उभी राहा. शांततेत बोलत नसतात."

चूक माधवरावांना नंतर कळली, पण पाहुण्यांना शाली पांघरवण्यातून ती सुधारायला सवड कुणाला?

दोन वर्षांनी आक्काबाई नवऱ्याचा फोटो घेऊन एकटीच गेली. यंदा कुणी कुणाला उभं केलं नाही. तिनं विचारलं, तर माधवराव हसून म्हणाले, "आक्का, गुरुजींचं आम्ही मागंच उरकलंय. परत परत कसं करायचं?"



कारभारी गुरुजी वारले ते १९९६ च्या फेब्रुवारीत.