सगळ्या नळ्या लाल

"मॅडम, दार लावून घ्या," ट्रस्टचे परीक्षक नृसिंह सर म्हणाले, आणि रूपाली मॅडमनी प्रयोगशाळेच्या दाराला आतून कडी घातली.

बर्नर पेटले की पंखे बंद करावे लागतात. खिडक्याही लावलेल्या. आत दोन मुलं, दोन मोठी माणसं आणि गरम पाण्याची वाफ. मॅडमचा जीव आताच गुदमरायला लागला होता, आणि त्याला एकटी वाफच कारण नव्हती.

शिष्यवृत्ती शाळेमागे एकच होती. दहावीनंतर पुण्याचं वसतिगृह आणि पदवीपर्यंतचं सगळं शिक्षण. देणारा ट्रस्ट आपला परीक्षक पाठवायचा, तोच समोर प्रयोग करून घ्यायचा. शाळेनं दोघांना उभं केलं होतं, डॉक्टरांचा अभिराम आणि उचगावची शिवानी.

अभिरामचं काय, हे नाही तर दुसरं काहीतरी त्याला मिळालंच असतं. शिवानीला मात्र एवढंच दार होतं. आईवडील गेल्यापासून ती चुलतीकडे राहायची. चुलतीचं परकर शिवायचं काम होतं. मागची खोली, खिडकीला पत्रा ठोकलेला, आणि त्याच्याखाली एक मशीन तिच्यासाठी आधीच आणून ठेवलेलं. परीक्षा झाली की पोरगी त्या मशीनवर बसणार, हे चुलतीनं पालकसभेत चारचौघांसमोर ठणकावून सांगितलं होतं.

मॅडमनी ही पोरगी हेरली ती एका प्रश्नावरून. फ्रीजरमध्ये राहिलेला टोमॅटो बाहेर काढला की त्याचं पाणी पाणी का होतं, असं तिनं भर वर्गात विचारलं होतं. टोमॅटो विसरली म्हणून चुलतीचा मार खाऊन आली होती, आणि हिला पडलं होतं टोमॅटोचं! वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी पेशीच्या पडद्याचा धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवला, एकट्या तिच्यासाठी.

आजचा प्रयोगही त्याच पडद्याचा होता. बिटाच्या चकत्या धुऊन थंड, कोमट, गरम आणि कढत पाण्याच्या परीक्षानळ्यांत टाकायच्या. पाणी जितकं गरम, तितका पेशीचा पडदा जास्त फाटतो आणि आतला रंग बाहेर येतो. थंड पाणी नितळ राहतं, कढत पाणी लालभडक होतं. शिवानीनं हा प्रयोग इतक्यांदा केला होता, की झोपेतही केला असता. बिटं मात्र सरांनी स्वतः आणली होती. मलकापूरहून एसटीनं, थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन. चकत्याही घरूनच कापलेल्या. त्या वाटून सर कोपऱ्यात जाऊन बसले ते बसलेच.

थोड्या वेळानं मॅडमचं लक्ष शिवानीच्या नळ्यांकडे गेलं. थंड पाण्याची नळी लाल होती. कोमटही लाल. सगळ्या सारख्याच लाल. शिवानीनं नव्या चकत्या घेतल्या, पुन्हा पुन्हा धुतल्या. धुतलेलं पाणीही लालच निघत राहिलं, आणि नळ्यांत परत तेच.

अभिरामच्या नळ्याही काही वेगळ्या नव्हत्या, पण त्याचा तक्ता केव्हाच भरून झाला होता. रंग नाही, फिकट, गडद, लालभडक. पुस्तकात आहे तसंच. आता तो काचेवरच्या वाफेत बोटानं विमान काढत होता.

बिटं शिळी आहेत, मॅडमच्या मनात आलं. उन्हातान्हातून आणलेली. असल्या बिटांपायी पोरीनं जन्मभर परकर शिवायचे?

"मी चहा घेऊन येतो," सर उठले. मुलांशी बोलायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको, असं म्हणून त्यांनी कडी काढली आणि बाहेर पडताना दार ओढून घेतलं.

मॅडम उठल्या. बसल्या. परत उठल्या. आजवरच्या नोकरीत त्यांनी परीक्षेत कुणाला साधी खूणही केली नव्हती. कॉपी करणाऱ्याचा कान पिळण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण आज पाय आपोआप शिवानीच्या टेबलापाशी गेले.

"हे काय लिहिलंयस?" त्या कुजबुजल्या.

"जे बघतोय तेच लिहितोय, मॅडम." कोल्हापूरच्या पोरींसारखी तीही मी येतो, मी जातो असंच बोलायची. "सगळ्या नळ्या लालच हायत की."

"खोड ते. पुस्तकातलं लिही."

"पण मॅडम, मला वाटतंय ही बिटं आधीच..."

"शिळी हायत. ठाऊक हाय मला. ते लिहून पुणं मिळत न्हाय."

"शिळी न्हाय म्हणत मी..."

"मग काय, त्या खोलीत जाऊन बसायचंय तुला?"

'कारण' या चौकटीत शिवानीनं पेन्सिलीनं दोन ओळी लिहिल्या होत्या. मॅडमनी त्या वाचल्या नाहीत. खोडरबर तेवढा पुढं केला.

सर सावकाश परत आले. त्यांनी अभिरामचा कागद पाहिला, मग शिवानीचा. तिचा कागद त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला.

"इथं आधी काय लिहिलं होतंस, बाळ?"

शिवानीनं मॅडमकडे पाहिलं.

"चुकलं होतं, सर."

सरांनी मान हलवली आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून पिशवीत टाकले. निकाल कळवतो म्हणाले. मुलं बाहेर पडली. मॅडमनी धडाधड खिडक्या उघडल्या, आणि कितीतरी वेळानं त्यांना मोकळा श्वास घेता आला. जरा लाज वाटत होती, नाही असं नाही. पण पोरगी सुटली, या आनंदापुढं ती लाज फार वेळ टिकली नाही. त्यांनी सरांना जेवूनच जायचा आग्रह केला.

सर नको म्हणाले नाहीत. थर्माकोलचा डबा उचलून त्यांनी मॅडमच्या हातात दिला.

"हा तेवढा जेवण होईपर्यंत तुमच्या फ्रीजरमध्ये ठेवा, मॅडम. दुपारी दुसऱ्या शाळेत न्यायची बिटं आहेत, सकाळच्यासारखीच मुद्दाम गोठवलेली."