न सुकणारी गौर

"आई, सड्यावरची फुलं आता कुठं पळून जातायत? सवडीनं येते," मंजिरी पुण्याहून फोनवर म्हणाली.

द्वारकाबाईंनी बरं म्हणून फोन ठेवला. पर्यटकांसाठी सड्याच्या कातळपठारावर न सुकणाऱ्या जातीचं बियाणं पेरल्यापासून सोनकी पिवळीधमक ती पिवळीधमकच राही आणि तेरडा बारमाही गुलाबी. पूर्वी गणपतीच्या दिवसांत माणसं फुलं संपायच्या आत धावत यायची. आता कधीही गेलं तरी चालतं, म्हणून कुणीच येत नव्हतं.

मंजिरी आली ती थेट मार्गशीर्षात. खांद्यावरची बॅगही न उतरवता ती दारातच थबकली. देवघरापाशी गौर उभी होती. तेरड्याच्या जुडीला नेसवलेलं हिरवं लुगडं, वर मुखवटा, आणि मागून डोकावणारी टवटवीत फुलं.

"भाद्रपदातली गौर अजून बोळवली नाहीस?"

"निघाले होते गं हिला व्हाळाच्या पाण्यात सोडायला," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण दरवर्षी तिसऱ्या दिवशी तेरडा मान टाकायचा, मग कळायचं की हिची जायची वेळ झाली. ही हसतच होती. म्हटलं, राहायचं असेल तर राहू दे. दोघींपुरता स्वयंपाक करायला बरं वाटतं."

मंजिरीनं बॅग खाली ठेवली.

"आज बोळवूया का? मी येते बरोबर."

"आज नको," द्वारकाबाई चुलीकडे वळल्या. "तू निघशील तेव्हा दोघींना एकदमच बोळवीन. रडणं तरी एकदाच होईल."